एकच ओढा धरा आणि वर्षभर शिकवा: हवामान, पाणी, परिसंस्थेचा पेपर ज्यांच्या गळ्यात पडलाय त्यांच्यासाठी

तालुक्याच्या कॉलेजात भूगोल, बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री असं काहीतरी शिकवता, लॅबमध्ये काचसामान जेमतेम, डिपार्टमेंटमधले निम्मे लोक सीएचबीवर (म्हणजे तासाच्या मानधनावर), आणि कोणाचातरी वर्कलोड कमी पडतोय म्हणून हवामान-पाणी-इकोसिस्टीमचा पेपर तुमच्याकडे आला. असं असेल तर हे वाचा. मोठ्या विद्यापीठांच्या डिपार्टमेंटात उपकरणं असतात, प्रोजेक्टचे पैसे असतात, त्यांचं वेगळं. पण खरं सांगायचं तर पोरांना विषय कळायला त्यातलं फारसं काही लागत नाही.

२००३ साली सुप्रीम कोर्टाने पर्यावरणाचा विषय सक्तीचा करायला लावला, यूजीसीने सहा महिन्यांचं मॉड्यूल बनवलं, आता नवीन शैक्षणिक धोरणात परत क्रेडिट वगैरे मांडून आलंय. विषय सक्तीचा झाला खरा, पण मोजमाप काही सक्तीचं झालं नाही. म्हणून काय होतं, तर युनिट एक हवामानबदल, युनिट दोन जलसंपदा, युनिट तीन परिसंस्था, तिघांचे तीन वेगळे पीपीटी, आणि पोरगं परीक्षेत हरितगृह परिणामाची आकृती सुंदर काढतं पण त्याच्या गावच्या विहिरीला एप्रिलमध्ये किती फूट पाणी असतं ते त्याला सांगता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे तीन विषय वेगळे शिकवूच नका, कॉलेजपासून चालत नाहीतर एसटीने अर्ध्या तासात जाता येईल असा एक ओढा धरा आणि सगळा सिलॅबस त्याच्यावर टांगा. सिलॅबसच्या बाहेर काही जात नाही, उलट युनिट्स आपोआप पूर्ण होतात.

ओढा कसा निवडायचा

फार मोठी नदी नको. भीमा, गोदावरी, कृष्णा यांच्या काठावर कॉलेज असलं तरी त्या सोडा, कारण त्यांचं पाणी वरच्या धरणातून सोडलेलं असतं आणि पाऊस पडला म्हणून पाणी वाढलं असं सरळ नातं दिसतच नाही. पाच ते दहा चौरस किलोमीटरचं पाणलोट असलेला, एक-दोन गावांतून जाणारा, पावसाळ्यात वाहणारा आणि उन्हाळ्यात आटणारा ओढा सगळ्यात भारी. आटतो म्हणून नाक मुरडू नका, आटला कधी हीच तर मुख्य नोंद आहे, आणि फील्ड डायरीत "प्रवाह शून्य" लिहिणं हेही रीडिंगच असतं हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगा नाहीतर ती पान कोरं सोडतात.

पाणलोटाची हद्द आधी हाताने काढून घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट घ्या, त्यावर कंटूर (सारख्या उंचीच्या रेषा) २० मीटरच्या अंतराने असतात, ओढ्यावर बोट ठेवायचं आणि दोन्ही बाजूंनी चढत चढत कड्यापर्यंत जायचं, जिथून पाणी पलीकडे पडेल तिथे पेन्सिलची रेघ. दोन तास जातात, चुका होतात, भांडणं होतात (आमच्या वावराचं पाणी तिकडं जातं सर, इकडं नाही, असं एखादा हमखास सांगतो आणि बऱ्याचदा तो बरोबर असतो). मग तीच हद्द गुगल अर्थवर किंवा इस्रोच्या भुवन या नकाशांच्या साइटवर बघायची, आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर पोरं बटण दाबायला शिकतात आणि पाणलोट म्हणजे काय ते राहूनच जातं.

वेळापत्रकाचं आधी बघा

ॲडमिशन उशिरा होतात, एफवायचे वर्ग धड सुरू होईपर्यंत ऑगस्ट उजाडतो आणि निम्मा मान्सून गेलेला असतो. म्हणून पावसाचं काम एसवाय, टीवाय किंवा एमएस्सीच्या पोरांकडे द्या, ती जूनमध्येच हाताशी असतात. जून ते सप्टेंबर पाऊस आणि प्रवाह, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाण्यातले जीव आणि विहिरी, जानेवारीपासून विहिरींची घसरण आणि पाण्याचा ताळेबंद. प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास धरतात, त्यामुळे दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल असेल तर ६० तासांत हे आरामात बसतं, फक्त दर आठवड्याला दोन-दोन तासांचे तुकडे न पाडता एचओडींना सांगून काही शनिवार अख्खे मागून घ्या.

पाऊस: बाटलीपासून सुरुवात

पर्जन्यमापक विकत घ्यायला मंजुरी येईपर्यंत पावसाळा संपतो. तोंड गोल आणि बाजू सरळ असलेला कोणताही डबा चालतो. मिळालेलं पाणी मिलिलिटरमध्ये मोजायचं, तोंडाच्या क्षेत्रफळाने (चौरस सेंटिमीटर) भागायचं, १० ने गुणायचं, मिलिमीटर आला. तोंडाचा व्यास १० सेंमी असेल तर क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौसेंमी, म्हणजे ७.८५ मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. हे गणित पोरांकडूनच काढून घ्या, फळ्यावर तयार देऊ नका. आणि इथेच एक वाक्य डोक्यात पक्कं बसवा, एक मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एका हेक्टरवर १० हजार लिटर. पुढचा अख्खा ताळेबंद याच्यावर उभा आहे.

डबा ठेवायची जागा मोकळी हवी, झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. हॉस्टेलच्या गच्चीच्या कठड्याला टेकवून ठेवतात ते नको, वाऱ्याने पाऊस तिरका जातो. वाचन सकाळी साडेआठला, कारण हवामान खातं तेव्हाच घेतं, आणि आज साडेआठला घेतलेलं वाचन मागच्या २४ तासांचं असतं. हा तारखेचा घोळ दरवर्षी होतो. २६ जुलै २००५ चं उदाहरण द्या, मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला तो २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा आकडा आहे, आणि त्याच वेळात कुलाब्याला फक्त ७४ मिमी. एकच शहर, मध्ये पंचवीसेक किलोमीटर. हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि पाच मिनिटं गप्प बसा, "मुंबईत किती पाऊस पडला" या प्रश्नाला एकच उत्तर नसतं हे पोरं स्वतःच बोलायला लागतात.

म्हणून डबे एकाच ठिकाणी नको. पोरं ज्या ज्या गावांहून येतात तिथे घरी प्रत्येकाला एक डबा द्या, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज साडेआठला आकडा. काही जण घरी बसून आकडे बनवणार हे धरूनच चाला. ओळखायचं कसं, तर बनवलेल्या आकड्यांना शेवटी ० नाहीतर ५ जास्त असतो, शेजारच्या गावात झड लागलेली असताना यांच्याकडे कोरडं असतं, आणि रविवारी पाऊस कधीच पडत नाही. रागवू नका, हाच आकडे तपासण्याचा तास बनवा, ज्याने बनवले त्याला सगळ्यांसमोर नाव न घेता कळतं.

मग हवामान

आता तुमच्याकडे एका पावसाळ्याचे आकडे आहेत आणि एखादा पोरगा म्हणणार, सर यंदा पाऊस उशिरा आला म्हणजे क्लायमेट चेंज. इथे थांबवायचं. हवामान म्हणजे निदान ३० वर्षांची गोष्ट. पुण्याच्या हवामान खात्याच्या साइटवर १९०१ पासूनचा रोजच्या पावसाचा ग्रिडचा डेटा फुकट मिळतो, पाव अंशाचे चौकोन आहेत, म्हणजे साधारण २७-२८ किलोमीटरचे. तुमच्या ओढ्यावरचा चौकोन काढा आणि प्रत्येक गटाला ३० वर्षांचे दोन कालखंड वाटून द्या. वर्षाचा एकूण पाऊस, पावसाचे दिवस (२.५ मिमी किंवा जास्त), आणि जोरदार पावसाचे दिवस (६४.५ मिमीच्या वर), एवढे तीनच आकडे काढायचे. एक्सेलमध्ये काउंटइफ येत असेल तर झालं.

गंमत अशी की आकडे काढायच्या आधी पोरांकडून अंदाज लिहून घ्या, घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारून आणायला सांगा, मृगाचा पाऊस पूर्वी कसा असायचा, हस्ताचा हत्ती आता पडतो का. मग डेटाशी ताडून बघायचं. कधी जुळतं, कधी अजिबात जुळत नाही, आणि न जुळण्याला दोन्ही बाजू असतात: माणसाला ७२ चा दुष्काळ आठवतो आणि साधी वर्षं आठवत नाहीत, तर ग्रिड २७ किलोमीटरची सरासरी काढून एका शिवारातली ढगफुटी सपाट करून टाकतो. घाटाच्या जवळ असाल तर हे फारच ठळक दिसतं, पुणे शहरात वर्षाला साधारण ७००-७५० मिमी आणि त्याच जिल्ह्यात ताम्हिणीकडे त्याच्या कितीतरी पट.

तुमच्या एका चौकोनात ट्रेंड नीट दिसला नाही तर ओढूनताणून दाखवू नका. मोठं चित्र वेगळं सांगा: आयआयटीएम या पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचं २०१७ चं काम आहे, मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ दरम्यान मोठ्या भागावर एकदम पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या आणि मान्सूनचा एकूण पाऊस मात्र कमी होत गेला. कारण काय, तर हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, आणि अरबी समुद्र तापतोय तिथून वाफेचा पुरवठा. "पाऊस वाढला का कमी झाला" हा प्रश्नच अर्धवट आहे हे इथे कळतं.

एल निनोचंही (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्याचं) तसंच. एल निनो म्हणजे दुष्काळ हे समीकरण पोरं टीव्हीवरून घेऊन येतात. २००९ ला जुळतं, २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तेही जुळतं, मग १९९७ फळ्यावर लिहा, शतकातला जबरदस्त एल निनो आणि भारतात पाऊस सरासरीच्या थोडा वरच. का, हे त्यांना शोधू द्या, हिंदी महासागराच्या डायपोलपर्यंत (त्याच्या पूर्व-पश्चिम भागांच्या तापमानातल्या फरकापर्यंत) ती पोचतात. जाता जाता हेही सांगा की हे सगळं सुरू झालं ते मान्सूनचा अंदाज बांधायच्या धडपडीतून, गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ भारताच्या वेधशाळांचे प्रमुख होते आणि सदर्न ऑसिलेशन, म्हणजे एल निनोशी जोडलेला हवेच्या दाबाचा झोका, त्यांनी इथल्या आकडेमोडीतून काढला. पुस्तकात हे पेरूच्या किनाऱ्यापासून सुरू होतं म्हणून पोरांना परकं वाटतं.

प्रवाह मोजणं

साहित्य: टेप, दोरी, काठी, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि एक संत्रं. संत्रं अशासाठी की ते बरंचसं बुडून तरंगतं, वाऱ्याने ढकललं जात नाही आणि लांबून दिसतं. ओढ्याचा सरळ, १० मीटरचा भाग निवडा, रुंदी मोजा, दर अर्ध्या मीटरला खोली मोजा, संत्रं सोडा आणि वेळ लावा, चार-पाच वेळा वेगवेगळ्या ठिकाणी. पृष्ठभागाचा वेग जास्त असतो म्हणून ०.८५ ने गुणायचं. समजा रुंदी ३ मीटर, सरासरी खोली २० सेंमी, म्हणजे ०.६ चौरस मीटर, संत्र्याला २५ सेकंद लागले म्हणजे वेग ०.४, गुणिले ०.८५ म्हणजे ०.३४, आणि प्रवाह सेकंदाला २०४ लिटर. साधारण ७ क्युसेक (सेकंदाला ७ घनफूट). दिवसभर असाच वाहिला तर पावणेदोन कोटी लिटर.

क्युसेक शब्द आला की पेपर उघडा. पावसाळ्यात रोज बातमी असते, अमुक धरणातून इतक्या हजार क्युसेकने विसर्ग. ११,५७४ क्युसेकने २४ तास पाणी सोडलं की एक टीएमसी (अब्ज घनफूट) होतो, आणि पुण्याच्या खडकवासल्याची उपयुक्त क्षमता फक्त १.९७ टीएमसी आहे, म्हणजे वरच्या पानशेत-वरसगावचं पाणी येत असताना ते धरण का भरभर सोडावं लागतं ते पोरांना स्वतः कळतं. आपल्या ७ क्युसेकच्या ओढ्यावरून तिथपर्यंत जाता येतं, आणि बातमी वाचता येणं हे मला परीक्षेतल्या टिपेपेक्षा मोठं वाटतं.

गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरायचं नाही. हा नियम चर्चेला नाही. वरच्या बाजूला काळं भरून आलं असेल तर पाणी कमी दिसलं तरी नाही. विजांसाठी आयआयटीएमचं दामिनी ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून घ्या.

विहीर म्हणजे भूशास्त्राचा वर्ग

मोकळी, न बांधलेली विहीर शोधा आणि काठावरून खाली बघत बसा. वर माती, मग मुरूम, मग भेगांचा नाहीतर मांजऱ्या (बारीक छिद्रांचा) थर, खाली काळा पाषाण. दख्खनचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यात पाणी वाळूसारखं सगळीकडे साठत नाही, फक्त वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत राहतं, म्हणून एका विहिरीला पाणी आणि वीस पावलांवरच्या बोअरला फुफाटा. पुस्तकातली अक्विफरची (पाणी धरणाऱ्या थराची) आकृती बहुतेक गाळाच्या प्रदेशातली असते, ती बघून आपल्याकडचं भूजल शिकवलं तर पोरांना वाटतं खाली मोठं तळं आहे आणि अजून खोल गेलं की लागणारच.

मोजायचं कसं: काठावर रंगाने एक खूण करा, कायम तिथूनच, दोरीला वजन बांधून सोडा, पाण्याला टेकल्याचा आवाज आला की खुणेजवळ दोरी पकडून टेपने मोजा. मोटर चालू होती का, बंद होऊन किती वेळ झाला हे लिहिल्याशिवाय वाचन घेऊ नका, नाहीतर सकाळ-दुपारचा फरक हाच मोसमाचा फरक वाटतो. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी घेते, तुमच्या तालुक्यात तशी विहीर असेल तर तिच्या महिन्यांशी तुमचे महिने जुळवून घ्या म्हणजे तुलना करता येईल. मालकाला आधी विचारा, काय मोजतोय ते सांगा, दरवेळी आकडा त्यालाही द्या. आणि विहिरीत कोणी उतरायचं नाही, कोणी कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी.

ताळेबंद: इथे वेळ घालवा

मला विचाराल तर सगळ्या अभ्यासक्रमात या एका तासासाठी बाकी सगळं आहे. एक मनातलं गाव घ्या, शिवार ५०० हेक्टर, पाऊस ५०० मिमी, लोकवस्ती २,०००. पडलेलं पाणी किती, तर ५०० गुणिले ५०० गुणिले १० हजार लिटर, म्हणजे २५० कोटी लिटर. आता पिण्याचं आणि घरचं, जलजीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटर रोज, वर्षाला साधारण ४ कोटी. जनावरं धरली तरी आणखी एखादा कोटी. वर्गात हमखास आवाज येतो, एवढंच? मग टँकर कशाला लागतो?

आता जमिनीत मुरतं किती ते काढा. भूजल अंदाजाच्या सरकारी पद्धतीत कुजलेल्या बेसाल्टला पावसाच्या साधारण ७ टक्के धरतात आणि भेगांच्या-छिद्रांच्या बेसाल्टला १३ टक्के. म्हणजे १७.५ ते ३२.५ कोटी लिटर. बाकीचं ओढ्याने गेलं, नाहीतर मातीतून, पिकातून, झाडातून वर हवेत गेलं. आता ५० हेक्टर ऊस टाका. उसाला १,५०० ते २,५०० मिमी पाणी लागतं, मधला २,००० धरला तर १०० कोटी लिटर. त्या ५० हेक्टरांवर पडलेला पाऊस थेंब न् थेंब उसाने प्याला असं मानलं तरी २५ कोटीच होतात, उरलेले ७५ कोटी कुठून आणायचे? जमिनीत मुरलंय जास्तीत जास्त साडेबत्तीस. त्याच ५० हेक्टरांवर ज्वारी असती तर सगळी गरजच २५ कोटींच्या आसपास.

इथे शिक्षकाने भाषण द्यायचं नाही. समोर बसलेल्या निम्म्या पोरांच्या फिया उसावर भरलेल्या असतात. "ऊसवाले दोषी" असं तुमच्या तोंडून आलं की तास संपला, उरलेलं सेमिस्टर ती पोरं फक्त हजेरीला येतील. त्यापेक्षा आकडे बदलून बघू द्या: ठिबक लावलं तर किती वाचतं, ऊस २० हेक्टर केला तर, पाऊस ३०० मिमीच झाला तर, उसाला ठरलेला भाव मिळतो तसा हमीभाव जाहीर असूनही ज्वारीला का मिळत नाही. मग अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं सांगा, तिथे दरवर्षी पडलेला पाऊस मोजून गावाचा ताळेबंद मांडतात आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावर ठरतं, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं तेही सांगा. शेततळ्यावर वाद लावून द्या, पावसाचं पाणी साठवणारं शेततळं आणि विहिरीचं पाणी उपसून प्लास्टिकच्या कागदावर उन्हात ठेवणारं शेततळं, दोघांचं नाव एकच असलं तरी हिशोब उलटा आहे.

पाण्यातले जीव

ऑक्टोबरात प्रवाह शांत झाला की गावाच्या वर एक जागा, गावाच्या खाली एक जागा. दगड पायाने हलवायचे, खाली जुन्या मच्छरदाणीची जाळी धरायची, पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. जातीपर्यंत ओळखायची गरज नाही, मेफ्लाय आणि कॅडिसफ्लायची पिल्लं आहेत का एवढं बघा, ती असली तर पाण्यात ऑक्सिजन चांगला आहे. खालच्या बाजूला फक्त लाल अळ्या आणि गाळातले बारीक किडे असतील तर काय ते समजा, त्या अळ्या लाल असतात कारण अंगात हिमोग्लोबिन असतं आणि कमी ऑक्सिजनात तगतात. जीव मोजून झाले की परत पाण्यात.

ऑक्सिजनसाठी विंकलर ही टायट्रेशनची पद्धत करा, रसायनं स्वस्त आहेत. पण बाटली जागेवरच फिक्स करायची (म्हणजे रसायनं तिथेच घालायची), लॅबमध्ये आणून नाही, वाटेतच आकडा बदलतो. साका तपकिरी झाला म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला म्हणजे जवळजवळ नाहीच, हे दृश्य पोरं विसरत नाहीत. आंघोळीच्या पाण्याचा निकष लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त ऑक्सिजन आणि बीओडी (घाण कुजवताना जिवाणू खातात तो ऑक्सिजन) ३ च्या आत.

यात एक सापळा आहे. कॉलेजची सहल ११ वाजता पोचते आणि १२ ला नमुना घेते. शेवाळाने हिरव्यागार झालेल्या डबक्यात दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि रिपोर्टमध्ये "पाणी उत्तम" असं येतं. तेच पाणी पहाटे बघा, रात्रभर सगळे श्वास घेऊन आकडा तळाला गेलेला असतो, मासे मरतात ते पहाटेच. जमलं तर जवळ राहणाऱ्या पोरांकडून पहाटे पाच आणि दुपारी तीन असे दोन नमुने घ्या. आणि तापमान लिहायला विसरू नका, २० अंशाला पाणी ९.१ मिलिग्रॅमपर्यंत ऑक्सिजन धरतं, ३० अंशाला ७.६. हवा तापली की वाफ जास्त धरते, पाणी तापलं की ऑक्सिजन कमी धरतं आणि त्यातले जिवाणू मात्र जास्त खायला लागतात. तीन युनिट एका ओळीत आली बघा.

ओढ्याच्या वरचं माळरान चुकवू नका. एक मीटर बाय एक मीटरची दोरीची चौकट टाकून गवताच्या जाती मोजा, पावसाळ्याच्या शेवटी तिथे जे निघतं ते बघून माळ म्हणजे पडीक जमीन हे डोक्यातून जातं. एनएसएसचा वृक्षारोपणाचा खड्डा नेमका तिथेच खणायचा असतो, त्यावर तुमच्या कॉलेजात भांडण होऊ शकतं, होऊ द्या.

मार्क कसे द्यायचे

"टीप लिहा" बंद करा. इंटर्नलला त्यांच्याच ओढ्याचे आकडे द्या आणि विचारा, यात कोणता आकडा चुकीचा वाटतो आणि का. फील्ड डायरी पेनने, खोडरबर नाही, चुकलं तर एक रेघ आणि शेजारी नवीन आकडा. मी सुवाच्य अक्षराला मार्क देत नाही, चिखलाचे डाग असलेली डायरी मला जास्त खरी वाटते. व्हायवा ओढ्यावर घ्या. एआयकडून लिहून आणलेलं जर्नल तिथे उपयोगाचं नसतं, "संत्रं कुठे अडकत होतं ते दाखव" याचं उत्तर जो आला होता त्यालाच येतं.

परवानग्या आणि बाकी कटकटी

पालकांचं संमतीपत्र, प्राचार्यांचं पत्र, ग्रामपंचायतीला एक पत्र, तिन्ही आधी. मुलींसाठी टॉयलेटची सोय कुठे आहे ते जायच्या आधी विचारून ठेवा, शाळा किंवा अंगणवाडी जवळ असते, हे न बघता अख्खा शनिवार ठरवला की पुढच्या वेळी मुली येत नाहीत आणि आपण म्हणतो त्यांना इंटरेस्ट नाही. पायाला जखम असेल त्याने घाण पाण्यात उतरायचं नाही, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो. वर कारखाना असेल आणि खाली नमुना खराब आला तर पोरांना इन्स्टाग्रामवर नाव घेऊन टाकू देऊ नका, कॉलेजच्या एका टायट्रेशनवर कोणावर आरोप होत नाही, तसं खरंच वाटत असेल तर प्रदूषण मंडळाला रीतसर कळवा, ते त्यांचा नमुना घेतील.

आकडे मात्र गावाला परत द्या, आणि वेळेत द्या. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, रब्बीच्या पेरण्या ठरायच्या आधी, पाऊस किती झाला, विहिरी किती भरल्या आणि मुरलेलं पाणी अंदाजे किती, एवढं एका पानावर मराठीत लिहून पोरांनाच ग्रामसभेत वाचू द्या. प्रश्न अवघड येतील, बोअर कुठे घेऊ असं विचारतील, त्याचं उत्तर द्यायचं नाही. एक्सेलची फाइल गावाचं नाव आणि वर्ष घालून डिपार्टमेंटच्या ड्राइव्हवर ठेवा, कोणाच्या पर्सनल जीमेलवर नको, सीएचबीचा माणूस सोडून गेला की आकडेही जातात.